घोडदळाचे हुकूम

हासो फॉन ड्रेनित्झ चौदाव्या वर्षी घोडदळात भरती झाला, तेव्हा वडिलांनी त्याला एक तलवार आणि स्वतःचा उसवलेला कोट दिला. पोमेरानियातल्या त्या रेताड जमिनीवर तिघा भावांचं पोट भरणं शक्यच नव्हतं. थोरल्याला घर मिळालं, मधला पाद्री झाला आणि धाकट्याच्या वाट्याला घोडा आला. धाकट्याला वाटणीत आपण फसलो असं कधी वाटलं नाही. तेवीस वर्षांत तो झेंडा धरणाऱ्या पोरापासून कॅप्टनपर्यंत चढला. पलटणीतली माणसं तो आडनावाने ओळखायचा, घोडे मात्र नावाने.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात एका तोफगोळ्याने त्याचा घोडा गेला आणि तो मेलेला घोडा त्याच्याच अंगावर कोसळला. पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. डॉक्टर म्हणाले, "चालाल. काठीने का होईना, पण चालाल. घोड्याचं मात्र विसरा."

निदान एखाद्या किल्ल्याचा ताबा मिळेल अशी त्याला आशा होती. बर्लिनहून पत्र आलं ते तीन ओळींचं. कॅप्टन ड्रेनित्झ यांची वाल्डेनाऊच्या राजवाड्यात, प्रिन्सेस हेडविग यांच्या दरबाराचे कारभारी म्हणून नेमणूक झाली होती.

"नशीब काढलंस की रे!" पाद्री भाऊ म्हणाला. "गरम खोली, रोज मांस, आणि मरायची भीती नाही."

"तेवीस वर्षं माणसं आणि घोडे सांभाळले," हासो म्हणाला, "आता बशा सांभाळायच्या."

वाल्डेनाऊचा राजवाडा पिवळ्या रंगाचा, बेताचाच होता. प्रिन्सेस हेडविग राजाच्या लांबच्या नात्यातल्या, विधवा, एकाहत्तर वर्षांच्या. अंगाने चिमणीएवढ्या, पण पाठ काठीसारखी सरळ. सगळे त्यांना राणीसाहेबच म्हणत. त्यांच्याभोवती एक काउंटेस, दोन मानकरणी, एक पाद्री आणि पंधरा-वीस नोकर, एवढाच काय तो दरबार. पण या एवढ्याशा दरबाराचे नियम एखाद्या फौजेला पुरतील इतके होते, आणि ते सगळे काउंटेस डोरोथेआ फॉन डोरेनबेर्ग यांना तोंडपाठ होते.

पहिल्या आठवड्यात हासोने त्यातले निम्मे मोडले. जेवणाच्या वेळी पाहुण्यांना बसायला सांगणं हे त्याचं काम. त्याने "बसा!" म्हटलं ते अशा आवाजात की पाद्रीबुवा मागे खुर्ची आहे की नाही हे न बघताच बसायला गेले आणि खाली आपटले. राणीसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. काउंटेसने डोळे मिटून घेतले.

एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, तळ्यातले कार्प मासे बघायला तो घोडागाडीतून ब्रूखहागेन गावाकडे निघाला होता. वाटेत एका शेताशी त्याने गाडी थांबवली. सहा बायका खांद्यावर दोर घेऊन, पुढे वाकून, नांगर ओढत होत्या. सातवी मागे नांगराची मूठ, रुमणं, धरून होती. दर दहा-बारा पावलांवर त्या थांबत, दम खात, पुन्हा ओढत.

हासो काठी टेकत बांधावर गेला. "घोडे कुठे गेले?"

रुमण्यावरची बाई चाळिशीची होती. उंच, हाडापेराने मजबूत, डोक्याला रुमाल बांधलेला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अर्धे शत्रूने नेले, उरलेले आपल्याच पलटणीने. तुम्हीच नेले असतील. चालणं तसलंच दिसतंय."

"पावती दिली असेल ना?"

"दिली होती की. पावतीला जुंपून पाहिलं, साहेब. चालत नाही ती."

बाकीच्या बायका दोर खांद्यावर तसाच ठेवून खदखदून हसल्या. हासोला हसता आलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत असल्या किती पावत्यांवर त्याने सही केली होती, त्याची त्यालाच गणती नव्हती. मासे न बघताच त्याने गाडी वळवली आणि थेट जुन्या पलटणीची छावणी गाठली. ती दोन तासांवर होती.

कर्नल रोटगाऊ त्याचा जुना सोबती. शांततेच्या काळात एवढं घोडदळ कशाला, म्हणून दोन तुकड्या मोडायचा हुकूम नुकताच आला होता.

"घोडे किती निघतायत?" हासोने बसायच्या आधीच विचारलं.

"चौऱ्याऐंशी. यादीही झालीय. चाळीस चांगले घोडे शिकारीसाठी फॉन क्रेमोला, तुमच्या त्या काउंटेसच्या भाच्याला. उरलेले कसायाला."

"ते मला दे. गावात बायका नांगर ओढतायत, रोटगाऊ."

"मला दिसत नाही होय? पण क्रेमोने वशिला लावलाय. त्याच्याहून मोठा शब्द आला तरच मला यादी फाडता येईल, आणि तोही या महिन्याच्या आत." रोटगाऊने त्याच्यापुढे बिअरचा पेला सरकवला. "आता तू दरबारी माणूस. मोठे शब्द कुठे मिळतात ते तुलाच ठाऊक."

त्याच संध्याकाळी, सूप वाढून होतंय न होतंय तोच, हासो उठून उभा राहिला. छावणीत अहवाल द्यावा तसा त्याने सगळा अहवाल दिला. गाव कोणतं, बायका किती, घोडे किती, आणि राणीसाहेबांनी बर्लिनला लिहावं ही विनंती. क्रेमोचं नाव आलं तसा काउंटेसचा चमचा हवेतच थांबला.

राणीसाहेबांनी शांतपणे एक घोट सूप घेतलं. "ड्रेनित्झ, हे जेवणाचं टेबल आहे. छावणी नव्हे. बसा."

तो बसला. खोलीवर जाऊन त्याने राजीनामा लिहायला घेतला, तेवढ्यात बाल्टझर विस्तव सारखा करायला आला. बाल्टझर राणीसाहेबांचा जुना नोकर, चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर. त्याने कागदावर तिरकी नजर टाकली.

"इतक्यात पळ काढता, साहेब? लढाईत असे नव्हता म्हणतात."

"लढाईत समोरचा काय बोलतो ते कळतं तरी."

"इथेही कळतं, ऐकायची सवय झाली की." बाल्टझर शेगडीपाशी वाकून निखारे हलवत राहिला. "तुम्ही त्यांना चारचौघांत 'हो' म्हणायला लावलंत. चारचौघांत त्यांना फक्त 'नाही' म्हणता येतं. आणि काउंटेसच्या तोंडावर त्यांच्या भाच्याचे वाभाडे काढलेत. दुसरं काय होणार होतं?"

"मग करू काय?"

"मागू नका. दाखवा. दर गुरुवारी त्या गाडीतून फिरायला जातात. रस्ता कारभारी ठरवतो. म्हणजे तुम्ही."

राजीनाम्याचा कागद हासोने शेगडीत टाकला.

गुरुवारी नेहमीच्या रस्त्यावरच्या पुलाच्या फळ्या बदलायच्या आहेत असं सांगून त्याने गाडी ब्रूखहागेनकडे वळवली. आत राणीसाहेब, काउंटेस आणि समोर तो. शेताशी आल्यावर त्याने गाडीवानाला थांबायला सांगितलं. बायका तिथेच होत्या. पाच दिवसांत नांगर जेमतेम अर्ध्या शेतापर्यंत पोचला होता.

राणीसाहेब बराच वेळ खिडकीतून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दार उघडा."

"राणीसाहेब, चिखल आहे! बूट!" काउंटेस म्हणाली.

"माझे बूट मला दिसतायत, डोरोथेआ."

बायकांनी गाडीवरची निशाणी ओळखली होती. खांद्यावर दोर असतानाच त्यांनी जमेल तसं गुडघ्यात वाकून वंदन केलं. राणीसाहेब सरळ रुमण्यावरच्या बाईपाशी गेल्या.

"नाव काय गं तुझं?"

"आन्ना-ग्रेटे श्टीलाऊ, राणीसाहेब."

"नवरा?"

"होता."

राणीसाहेबांनी मान हलवली. "दमत नाही का?"

"दमतो की. दमलं की शिव्या घालतो. मग पुन्हा जोर येतो."

"कुणाला घालता?"

आन्ना-ग्रेटेने राणीसाहेबांच्या मागे उभ्या असलेल्या हासोकडे पाहिलं. आता काही दडवण्यात अर्थ नव्हता. "घोडे नेणाऱ्यांना, राणीसाहेब."

"म्हणजे मला," हासो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण शब्द निघून गेले होते. "या गावाचे नसतील, पण शेजारच्या तीन गावांचे घोडे माझ्या सहीने गेलेत."

एक तरुण बाई, बहुधा गरोदर, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नुसतं सांगून काय उपयोग? माझा दोर धरा घटकाभर."

ती थट्टाच करत होती. हासोने मात्र काठी बांधावर टेकवली, टोपी काठीवर ठेवली आणि त्या बाईचा दोर खरोखरच खांद्यावर घेतला. रुपेरी गुंड्यांच्या दरबारी कोटावर चिखलाचा पट्टा उमटला. पंधरा पावलं त्याने ताठ पाय फरफटत नेला. सोळाव्याला तो नांगरटीच्या तासात, चिखलात पालथा पडला.

आधी बायका हसल्या. मग एक बारीक, जुना, खरखरीत आवाज त्यांच्यात मिसळला. राणीसाहेब हसत होत्या. वाल्डेनाऊत आल्यापासून हासोने तो आवाज ऐकला नव्हता.

"उठा, ड्रेनित्झ," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "नांगर मोडाल त्यांचा."

परतताना गाडीत हासोच्या कोटावरून चिखल गालिच्यावर गळत होता. राजवाडा दिसायला लागला तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, "पुलाला काय झालंय?"

"काही नाही, राणीसाहेब. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे. पूल माझ्या खिडकीतून दिसतो. पुन्हा खोटं बोललात तर एक दिवस ठेवणार नाही. जेवण झाल्यावर माझ्या खोलीत या. मला आता बारीक दिसत नाही, पत्र तुम्ही लिहा, मी सांगते." मग काउंटेसकडे वळून, "डोरोथेआ, तुझ्या भाच्याचा यात तोटा होईल."

काउंटेस बाहेर बघत होती. तशीच बाहेर बघत ती म्हणाली, "चाळीस घोडे त्याला कशाला हवे होते, मलाही कळलं नव्हतं."

उत्तर महिना संपायला दोन दिवस असताना आलं. चौऱ्याऐंशी घोडे राजवाड्याच्या जबाबदारीवर गावांना द्यावेत, असा शब्द होता. रोटगाऊने यादी फाडली आणि दुसऱ्या दिवशी सगळा कळप धूळ उडवत वाल्डेनाऊच्या हिरवळीवर दाखल झाला. माळ्याच्या डोळ्यांसमोर गुलाबाचे ताटवे साफ झाले. हासो काठी विसरून त्यांच्यात शिरला. लोटे, श्वाल्बे, एका कानाचा हेक्टर. एका काळ्या घोडीने त्याच्या कोटाच्या खिशात तोंड घातलं आणि काहीच सापडेना तेव्हा रागाने फुरफुरली.

आता सगळं सुरळीत होईल असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! पहिल्याच दिवशी तीन नांगर मोडले. लढाईचे घोडे ते, मागे काहीतरी ओढत येतंय हे कळलं की उधळायचे. एक तर नांगरासकट ओढा ओलांडून गेला. बायका झाडाआड लपल्या. पिठाच्या गिरणीचा मालक कुंपणाला टेकून मोठ्याने म्हणाला, "मारून खा त्यांना! निदान पोट भरेल!"

आन्ना-ग्रेटे धापा टाकत हासोपाशी आली. "साहेब, हे घोडे आहेत की वादळ? 'हो रे, हो रे' म्हणून घसा बसला माझा. ढिम्म ऐकत नाहीत."

हासो त्या थरथरणाऱ्या, घामेजलेल्या जोडीकडे बघत होता. कान मागे, डोळे पांढरे. बेलगाम नव्हते ते, घाबरले होते. कुणी त्यांना काही सांगत नव्हतं. नीट बघितलं तर एक घोडा पहिल्या रांगेतला होता, दुसरा तिसऱ्या. आयुष्यात कधी ते एकमेकांशेजारी उभेही राहिले नव्हते.

"त्यांना तुमची भाषा कळत नाही," तो म्हणाला.

"मग काय, आम्ही त्यांची शिकायची?"

"हो."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या अंगणात पाच गावांच्या चाळीस बायका उभ्या होत्या, आणि समोर हासो, छावणीतल्यासारखा.

"पाऊल!" त्याने हुकूम दिला. "आता तुम्ही."

"पाऊल," बायका लाजत पुटपुटल्या.

"असं नाही. पोटातून काढा. नवऱ्याला जेवायला हाक मारताय असं नको. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करताय, असं."

हशा उसळला, आणि पुढचा "पाऊल!" असा निघाला की छपरावरची कबुतरं उडाली. तीन सकाळी ही कवायत चालली. पाऊल, थांब, डावीकडे, उजवीकडे, मागे. जोड्या त्याने आठवून आठवून लावल्या. रांगेत जो ज्याच्या गुडघ्याला गुडघा लावून चालला होता, तोच त्याच्या शेजारी. लोटेबरोबर श्वाल्बे, हेक्टरबरोबर ती काळी घोडी. जुना सोबती शेजारी आला की घोड्यांचे कान आपोआप पुढे यायचे. आधी नुसतं चालणं, मग मागे लाकडाचा ओंडका, मग नांगर.

तिसऱ्या दिवशी राणीसाहेब सज्जात आल्या. थोडा वेळ ऐकून, कुणाला काही कळायच्या आत, त्यांनी आपल्या चिरक्या आवाजात हुकूम सोडला, "थांब!"

हिरवळीवरची सगळी जनावरं जागच्या जागी थांबली. बायकाही थांबल्या. पाद्रीबुवाही. राणीसाहेब स्वतःवर फार खूश झाल्या आणि जेवताना दोनदा ती गोष्ट त्यांनी सांगितली.

अडचण उरली ती गळपट्ट्यांची. ओझं ओढायची सवय नसलेल्या मानेला नुसतं लाकूड आणि चामडं लागून जखमा होत होत्या. आत भरायला मऊ कापड हवं होतं, आणि गावात तर अंगावर घालायलाही पुरेसं नव्हतं. हासो या विचारात असताना काउंटेस डोरेनबेर्ग त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्यामागे दोन नोकर, हातात लाल मखमलीचे भले मोठे गठ्ठे.

"आरसेमहालातले पडदे," ती म्हणाली. "कसर लागलीय. राणीसाहेबांना विचारलंय मी." आणि जाता जाता, "बघताय काय? कात्री धरता येते ना?"

त्या वर्षी मे महिन्यात ब्रूखहागेनच्या शेतात गळ्यात लाल मखमल घातलेले घोडे जोडीजोडीने चालत होते, आणि मागून बायकांचे हुकूम पार ओढ्यापलीकडे ऐकू येत होते. राय हे धान्य पेरायची वेळ निघून गेली होती, पण ओट आणि जव साधले. गिरणीच्या मालकाने टोपी हातात घेऊन एक जोडी मागितली. आन्ना-ग्रेटे म्हणाली, "खायला हवेत का?" आणि चांगलं आठवडाभर ताटकळवून मग दिली.

ऑगस्टात कापणी झाली. फार भरघोस नव्हे, पण हिवाळा निघेल एवढी. सप्टेंबरात बर्लिनहून हासोच्या नावाने पत्र आलं. श्टर्नबुर्ग किल्ल्याचा अधिकारी, मेजरचा हुद्दा. काही महिन्यांपूर्वी ज्याची त्याने डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली होती, ते पत्र.

तो ते घेऊन राणीसाहेबांकडे गेला. त्यांनी ते भिंगातून दोनदा वाचलं.

"जा," त्या म्हणाल्या. "सैनिक आहात तुम्ही. मी अडवणार नाही. सूप थंड येईल, एवढंच."

दोन दिवस तो ते पत्र खिशात घेऊन फिरला. किल्ला, तोफा, पहारे, मेजरसाहेब म्हणून होणारे सलाम, सगळं त्याने मनात नीट मांडून पाहिलं. हवंसं वाटत होतं, नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी तो तबेल्यात गेला. घोड्या तपासायला आन्ना-ग्रेटे आली होती. अकरा गाभण होत्या. कुणाला हिवाळ्यात काय खायला घालायचं, कुणाला कामावरून कधी सोडवायचं, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणे मार्चपर्यंत जुंपायच्या, तो म्हणे नाताळनंतर एक दिवसही नाही. भांडता भांडता ती एकदम म्हणाली, "ऐकलंय, निघालात म्हणे. मग तुम्हाला कशाला हवीय ही पंचाईत?"

"कोण म्हणालं?"

"सगळा राजवाडा म्हणतोय."

"राजवाड्याला काय कळतंय," हासो म्हणाला. "नाताळनंतर एक दिवसही नाही. सांगून ठेवतो."

संध्याकाळी त्याने बर्लिनला नम्र नकार लिहिला. त्याच पत्राखाली त्याने एक विनंतीही घातली. वाल्डेनाऊला सरकारी खर्चाने एक चांगला घोडा मिळावा, ओढकामाच्या जातीचा, पैदाशीसाठी. राणीसाहेबांनी ते पत्र वाचायला मागितलं, शेवटचा परिच्छेद वाचून हसल्या आणि स्वतःच्या हाताने खाली सही ठोकली.

पुढे वाल्डेनाऊच्या दरबारात तो एकोणीस वर्षं राहिला. राणीसाहेब नव्वदीला टेकल्या तोवर सूप वेळेवर गेलं. मेजरचा हुद्दा बऱ्याच उशिराने, न मागता मिळाला. पण हे सगळं नंतरचं. त्या पहिल्या मार्चमध्ये काळ्या घोडीला शिंगरू झालं, ते सकाळी नऊच्या सुमारास, तबेल्याच्या दारातून ऊन आत येत असताना. ओल्या, लांबलचक पायांवर ते उठायला गेलं आणि पडलं. पुन्हा पडलं. चौथ्यांदा उभं राहिलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं.

आन्ना-ग्रेटे फळीवर हनुवटी टेकून बघत होती. "आईपासून कधी तोडता येईल?"

"सहा महिने तरी नाही."

"म्हणजे सप्टेंबर," ती म्हणाली. "याला न्यायला मी दोर घेऊन येते."

आणि सप्टेंबरात ती आली.